सोयरिकीची लाईन

परभणीच्या आमच्या घरच्या सोयरिकी एका कागदावर मांडल्या, तर जुन्या निजाम स्टेट रेल्वेचा नकाशा तयार होतो. आजीचं माहेर सेलू. तिची थोरली बहीण हैदराबादेत, काचीगुड्याला. थोरली आत्या जालन्याला दिलेली, धाकटी उमरीला. काकू पूर्णेची, तिचे वडील तिथल्या लोको शेडमध्ये फिटर. आजोबांची चुलत बहीण हिंगोलीला आणि तिची लेक पुढं खंडव्याला. गंगाखेड-परळीकडं दोन-तीन घरं. पत्रिका बघितल्या असतील, शेती किती, मुलगा करतो काय, देणंघेणं, सगळं झालंच असेल. पण त्याच्याही आधी, बैठकीत कुणी तोंडानं न म्हणता, एक गोष्ट बघितली जायची, ती म्हणजे गाडी तिथवर जाते का. परभणीहून हैदराबादपेक्षा बीड किती तरी जवळ, तरी बीड शहरात आमचं एकही घर नाही. बीडला रेल्वे पोचली ती २०२५च्या सप्टेंबरात.

थोरामोठ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला इतिहास आधी नात्यांतून कळतो आणि सनावळ्या मागाहून. मला रेल्वेचा इतिहास तसाच कळला. वाडी ते सिकंदराबाद ही निजामाच्या राज्यातली पहिली लाईन १८७४ सालची, ब्रॉडगेज. तिच्यामुळं हैदराबाद सोलापूर-पुण्यावरून मुंबईला जोडलं गेलं. आमच्या भागात गाडी आली ती पाव शतकानं, विसाव्या शतकाच्या तोंडावर. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, सिकंदराबाद ते मनमाड, ३९१ मैल. ही मात्र मीटरगेज होती. रूळ अरुंद, पूल हलके, खर्च कमी. परभणी, मानवत, सेलू, जालना हा सगळा कापसाचा पट्टा. सरकी काढलेल्या रुईच्या गाठी मनमाडपर्यंत न्यायच्या, एवढं काम त्या लाईनीकडून हवं होतं. माणसं त्यात बसून लेकीबाळींना भेटायला जातील, हा विचार आखणी करणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही.

या एका मीटरनं आमचं तोंड हैदराबादकडं वळवलं. सिकंदराबादेत, काचीगुड्यात गाडी थेट जायची. संध्याकाळी परभणीला बसावं आणि बूड न हलवता सकाळी बहिणीच्या गावात उतरावं. मुंबईकडं निघालं की मात्र मनमाडला रूळच बदलायचा. इकडं एक हजार मिलिमीटर, तिकडं सोळाशे शहात्तर. कापसाच्या गाठी एका वाघिणीतून दुसरीत चढायच्या, आणि माणसंही तशीच, वळकट्या नि पोरं काखेला मारून या फलाटावरून त्या फलाटावर. त्यात मनमाड म्हणजे इंग्रजी मुलूख. राज्य वेगळं, कायदा वेगळा, नाणंही वेगळं.

आजीची नाण्यांची गोष्ट मी किती तरी वेळा ऐकली आहे. तिच्याकडं दोन बटवे असत. एक खणाचा, दुसरा साध्या मांजरपाटाचा. खणाच्या बटव्यात हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, चारमिनारचं चित्र असलेला. मांजरपाटाच्यात कलदार, इंग्रजांचा. हालीचे सात म्हणजे कलदाराचे सहा, हा हिशेब तिला तोंडपाठ होता, आणि शाळेची पायरी न चढलेली ही बाई दोन आण्यांची मोडसुद्धा अचूक करायची. सेलूला, हैदराबादला जाताना खणाचा बटवा कमरेला. नाशिकला यात्रेला गेली तेव्हा दोन्ही. रात्री डब्यात अंधार असला तरी हाताला बटव्याचं कापड लागलं की कळायचं कुठला कुठला ते. खणाच्या कापडाला किनारीपाशी जरा खरखर असते, ती बोटानं चाचपून दाखवायची ती मला. हाली सिक्का चलनातून गेला तरी त्यातला एक रुपया तिनं मोडला नाही. तो आता माझ्या कपाटात आहे. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, पण मनोरे अजून बोटाला लागतात.

हद्दीवर करोडगिरीचे शिपाई डब्यात चढायचे. राज्यात येणाऱ्या मालावर जकात असे, तीच करोडगिरी. नाशिकहून घेतलेलं नवं लुगडं बायका गाडीतच एकदा नेसून घ्यायच्या, घडी मोडायच्या, पदराला हळदीचं बोट लावायच्या. आजी ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायची. शिपाई पन्नास वर्षांमागं गेला होता तरीही.

हैदराबादच्या वाटेवरची स्टेशनं तिला ओवीसारखी येत. पिंगळी, मिरखेल, पूर्णा, चुडावा, लिंबगाव, नांदेड, मुगट, मुदखेड, उमरी, धर्माबाद, बासर. पूर्णेला इंजिन पाणी प्यायचं, म्हणून तिथं खाली उतरून फिरकीचा तांब्या भरून घ्यायचा. नांदेडला गुरुद्वाराचे यात्रेकरू चढायचे. उमरीला आत्याकडचं कुणीतरी हमखास फलाटावर उभं असायचं. गाडी थांबायची दोन-तीन मिनिटं, तेवढ्यात खिडकीच्या गजांतून येसरचा डबा आत यायचा आणि आमच्याकडची धपाट्यांची शिदोरी बाहेर जायची. कोण आजारी, कुणाला दिवस गेले, कुणाच्या शेताचा दावा कुठवर आला, हे सगळं तेवढ्यात उरकायचं. आत्याच्या सासूबाईंना आजीनं आयुष्यात जास्तीत जास्त वेळा पाहिलं ते खिडकीतून. बासर गेलं की गोदावरीचा पूल. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. डब्यातल्या सगळ्या बायका हात जोडायच्या, आणि पुलावर नाणं टाकायचं ते हालीचंच, कारण नदी आपल्या राज्यातली, असं आजीचं म्हणणं.

सकाळी काचीगुडा. कमानींची आणि घुमटांची ती इमारत १९१६ सालची. तिथून मावशीआजींचं घर चालत जाण्यासारखं. काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार या भागात मराठी घरं इतकी होती की दारातली रांगोळी बघत गेलं तरी वाट सापडावी. तेव्हा आमच्याच जिल्ह्यात असलेल्या वसमतकडचे केशवराव कोरटकर हैदराबादला वकिलीत नावारूपाला आले आणि पुढं हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. त्यांच्या आणि वामनराव नाईकांसारख्यांच्या पुढाकारानं १९०७ मध्ये विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. उर्दूच्या राजधानीत मराठी मुलांना मराठीतून शिकता आलं. मावशीआजींची मुलं त्याच शाळेतली. परभणीतून कुणी दाव्यासाठी हायकोर्टात जायचं, कुणी उस्मानिया विद्यापीठात शिकायला, कुणी डोळ्याच्या इलाजाला. सगळ्यांचा मुक्काम मावशीआजींकडं. त्यांच्या घरी कायम दोन गाद्या जादा गुंडाळून ठेवलेल्या असत, त्यांना ‘परभणीच्या गाद्या’ म्हणत. आपल्या मुलांना खोकला झाला तरी त्या गाद्या त्यांच्या अंगाखाली गेल्या नाहीत. असं घर राखणाऱ्या बाईचं नाव कुठल्याही इतिहासात येत नाही, पण एका जिल्ह्याचं राजधानीशी नातं अशा घरांनीच धरून ठेवलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

मग १९४८ आलं.

त्या वर्षाबद्दल आजोबा फार बोलत नसत. बोलायची ती आजी, आणि तीही तुटक. निजामाच्या पाठीराख्या रझाकारांची दहशत वाढत गेली तशी आधी संध्याकाळची गाडी टाळायला लागले, मग गाडीच. ज्या लाईनीवर माणसं निर्धास्त झोपून जायची, तिच्यावर आता कुठल्या स्टेशनवर कोण चढेल याचा नेम नव्हता. ३० जानेवारीला उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, सशस्त्र लढ्याला पैसा हवा म्हणून. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. उमरीच्या आत्याची खुशाली कळायला आमच्या घरी दोन आठवडे लागले. एरवी तीच आत्या आठवड्यातून दोनदा कुणा ना कुणा प्रवाशाबरोबर निरोप पाठवायची.

उन्हाळ्यात घरातल्या बायका आणि मुलं वऱ्हाडात हलवायचं ठरलं. पूर्णेहून हिंगोलीचा फाटा १९१२ पासून होता, पण हिंगोलीला रूळ संपायचा. पुढं इंग्रजांचा, म्हणजे आता स्वतंत्र भारताचा मुलूख. हिंगोलीच्या चुलत आत्यांनी रातोरात दोन बैलगाड्या जुंपून दिल्या. कन्हेरगावच्या बाजूनं पैनगंगा ओलांडायची. नदीला पाणी गुडघाभरच होतं. माझे वडील तेव्हा सात वर्षांचे. त्यांना आठवतं ते एवढंच, की बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा सोडून गवतात गुंडाळून ठेवल्या होत्या आणि आजी त्यांच्या तोंडावर हात धरून बसली होती. पलीकडं गेल्यावर तिनं हात काढला आणि विचारलं, “कामून रडायलास रे? आता बोल की मोठ्यानं.” वडील म्हणतात, मोठ्यानं बोलायचं म्हटल्यावर काही सुचलंच नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ला निजामानं शरणागती पत्करली. आमची माणसं दसऱ्याच्या सुमारास परत आली, हिंगोलीपर्यंत गाडीबैलानं आणि तिथून रेल्वेनं. आजीच्या सांगण्याप्रमाणं हिंगोलीच्या फलाटावर लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते.

राज्य बदललं. १९५६च्या नोव्हेंबरात मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. एका रात्रीत काचीगुड्याच्या मावशीआजी परराज्यातल्या झाल्या. पण रेल्वे? निजाम स्टेट रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली खरी, आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा आमची लाईन पुन्हा सिकंदराबादच्या मुख्यालयाखाली गेली. २००३ मध्ये नांदेड विभाग झाला, तोही त्याच झोनमध्ये. मंत्रालय मुंबईला आणि रेल्वेचा साहेब सिकंदराबादला, ही आमच्या जिल्ह्याची साठ वर्षांची अवस्था आहे. एखाद्या गाडीला थांबा मागायचा तरी निवेदन दुसऱ्या राज्याच्या राजधानीत जातं. इकडच्या कुणाला आपण प्राधान्याचे वाटत नाही आणि तिकडच्याही, ही तक्रार परभणीच्या फलाटावर कुणाही प्रौढ माणसाला विचारा, तो सांगेल. मला ती खरी वाटते.

माझ्या लहानपणी, सत्तरीच्या दशकात, मुंबईला जायचं म्हणजे मनमाडच. मुंबईत तोवर आमचे एक काका गिरणीच्या ऑफिसात चिकटले होते. रात्री उशिरा मनमाडला गाडी लागायची. आम्ही पोरं झोपेत. आजी सगळ्यांना एका ओळीत गाठोड्यांवर बसवायची आणि बजावायची, “गाठोडं पायाखाली घे, अन् पाय उचलू नको.” मग वडील मोठ्या गाडीची चौकशी करायला जायचे. ब्रॉडगेजची गाडी फलाटात शिरली की तिचा आकार बघूनच छाती दडपायची. डबे उंच, रुंद, आतून आधीच भरलेले. नागपूरहून, अलाहाबादहून येणाऱ्या त्या गाड्यांत मनमाडला चढणाऱ्यांसाठी जागा कुठली? दारात उभं राहून इगतपुरीपर्यंत, मग जमलं तर टेकायला मिळायचं. काकांकडं जाणं दोन-तीन वर्षांतून एकदा व्हायचं. हैदराबादला मात्र दर उन्हाळ्यात. याचं कारण प्रेम कमी-जास्त होतं असं नव्हे.

असंच एका फार लांबच्या गावी घडलेलं मी वाचलं, तेव्हा मला परभणीच आठवली. चीनच्या युनान प्रांतात, कुनमिंग शहरात पहिली रेल्वे पोचली ती चीनमधून नव्हे, तर आजच्या व्हिएतनाममधल्या हायफाँग बंदरावरून, हनोईमार्गे. फ्रेंचांनी बांधलेली, १९१० मध्ये पूर्ण झालेली, आणि तीही मीटरगेज, आमच्या लाईनीच्याच रुंदीची. डोंगर-दऱ्यांमुळं कुनमिंगच्या माणसाला आपल्याच देशातल्या शांघायला जायचं तर सोयीची वाट परमुलखातून होती. आधी गाडीनं हायफाँग, मग आगबोट. बाकीच्या चीनच्या प्रमाण रुंदीच्या रुळाशी कुनमिंग नीट जोडलं गेलं ते १९६६ मध्ये. तिथल्याही कुणा आजीची बहीण हनोईत असेल आणि भाऊ शांघायमध्ये. कुणाकडं जाणं-येणं जास्त झालं असेल ते मी सांगू शकतो.

आमच्याकडं ब्रॉडगेज मागून घ्यावी लागली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेला माणूस म्हातारपणी रुळांच्या रुंदीसाठी बैठका घेत फिरतो, याचं काहींना नवल वाटायचं. मला वाटत नाही. मराठवाडा महाराष्ट्रात आला तो कागदावर. मनमाडला गाठोडी उचलायचं थांबेपर्यंत तो अर्धाच आला होता. नव्वदीच्या दशकात रुंदीकरण मनमाडकडून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असं सरकत आलं. मग देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्या आल्या. रात्री परभणीला बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरू लागला. आजी तेव्हा थकलेली होती. देवगिरीनं तिला काकांकडं दादरला नेलं तेव्हा मनमाडला ती जागी झाली, उठून बसली आणि गाठोडी मोजायला लागली. खाली उतरायचं नाही हे तिला पटवायला वडिलांना बराच वेळ लागला. गाडी सुटली, आणि ती उजाडेपर्यंत खिडकीशी बसून राहिली.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत घरात तीन लग्नं झाली. तिन्ही स्थळं मुंबई-कल्याण-नाशिककडची. काचीगुड्याला गेल्या कित्येक वर्षांत लेक दिली नाही की तिकडून सून आली नाही. मावशीआजींचे पणतू घरात मराठी बोलतात, पण मधेमधे तेलुगू शब्द येतात, आणि चुलत-मावस अशी नाती सांगताना त्यांना थांबून विचार करावा लागतो. तिकडच्या गाड्या बंद झालेल्या नाहीत, उलट वाढल्या. पण दोन्ही दिशा सारख्या सोप्या झाल्यावर माणसं नोकरी आहे तिकडं गेली.

आता नोकरी पुण्यात आहे. परभणी शहरातल्या कुठल्याही गल्लीत विचारा, घरटी एक मूल पुण्यात निघेल. आणि पुण्याला नीट गाडी नाही. जी आहे ती एक तर मनमाड-दौंडवरून वळसा घेते, नाही तर परळी, लातूर, कुर्डुवाडी असा दुसरा वळसा. त्यामुळं पुण्याचं सगळं जाणं-येणं खासगी ट्रॅव्हल्सच्या हवाली. दिवाळीच्या आठवड्यात तिकिटाचे भाव तिप्पट होतात आणि पोरं मुकाट्यानं भरतात, कारण लक्ष्मीपूजनाला घरी पोचायचं असतं. चीनमध्ये वसंतोत्सवाच्या नववर्षाला शहरात कामाला गेलेली कोट्यवधी माणसं गावी परततात, चाळीस दिवस रेल्वेची ती धावपळ चालते आणि तिचं वेळापत्रक सरकार वेगळं आखतं. आपल्याकडं दिवाळीला पुण्याहून मराठवाड्यात किती जीव जातात, याचा अंदाज वाकड आणि हडपसरच्या रस्त्यांवर उभं राहिल्यावर येतो. त्यांच्यासाठी सरळ, रात्रीची, पुरेशा डब्यांची गाडी मागणं ही चैन नाही. ज्यांच्या आजी-आजोबांची नाती रुळांनी जपली, त्यांच्या मुलांना दर सणाला सुटणाऱ्या बसच्या दारात घासाघीस करावी लागावी, याचा मला राग येतो.

एक फांदी मात्र तुटलीच. पूर्णा-हिंगोली लाईन स्वातंत्र्यानंतर पुढं अकोल्यावरून खंडव्याला जोडली गेली होती, आणि काचीगुड्याहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस पूर्णा, अकोला, खंडवा, इंदूर करत जयपूरपर्यंत जायची. सगळी मीटरगेज. मेळघाटच्या जंगलात धुळघाटापाशी रूळ वळसा घेऊन स्वतःच्याच डोक्यावरून जायचा; ते बघायला आम्ही पोरं खिडकीत गर्दी करायचो. हिंगोलीच्या चुलत आत्यांची लेक खंडव्याला दिली ती याच गाडीच्या भरवशावर. पूर्णा ते अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झालं. अकोल्याच्या पुढचं काम मेळघाटातल्या वाघांच्या वाटेमुळं अडलं. जंगलातून रूळ नको हे म्हणणं रास्तच आहे, पण पर्यायी मार्ग होईपर्यंत लाईन उखडलेली. २०१७ पासून तिथून गाडी नाही. अकोल्याहून अकोटपर्यंत तेवढी २०२२ मध्ये सुरू झाली.

गेल्या हिवाळ्यात खंडव्याचा नातू लग्नाची पत्रिका घेऊन आला. खंडव्याहून भुसावळ, भुसावळहून अकोला, अकोल्याहून पूर्णा आणि पूर्णेहून आमच्याकडं. पायावर पाणी घेतलं, चहा झाला, आजीच्या फोटोला नमस्कार केला. जाताना म्हणाला, धाकट्या बहिणीसाठीही स्थळ बघायला सुरुवात केली आहे, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर सांगा. वडिलांनी विचारलं, परभणी-हिंगोलीकडचं चालेल का. तो जरा संकोचला आणि म्हणाला, “काका, शक्यतो पुण्याचं बघा.”